आधी सडा, मग झाडू

(काशीत दशाश्वमेध घाटालगतच्या सभागृहात, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या स्मरणार्थ, तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घाटाच्या पायऱ्या चढून आपण आत्ता इथे आलात, तो घाट नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४८ साली बांधला गेला असं सांगतात. पुढे १७७४ च्या सुमारास अहिल्याबाईंनी तो पुन्हा बांधला. पलीकडे विश्वनाथाचं आजचं देऊळ उभं राहिलं तेही त्यांच्याच हातून. या बाईंचं सगळं आयुष्य एका शब्दात सांगायचं झालं तर तो शब्द आहे जीर्णोद्धार. म्हणून त्यांच्या स्मरणाच्या दिवशी मी जीर्णोद्धारावरच बोलणार आहे. पण देवळाच्या नाही. तुमच्या-माझ्या घराच्या. घराच्या गच्चीवरच्या राखाडी पत्र्याच्या आणि पायाखालच्या जुन्या फरशीच्या.

आपल्यातल्या कित्येकांनी गेल्या काही वर्षांत घरं दुरुस्त केली असतील, काहींची चालू असतील. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, जिथे बघावं तिथे गल्लीत वाळूची पोती आणि विटांचे ढीग. मला एक प्रश्न विचारायचा आहे. घर पाडायला घेताना आपण मुहूर्त पाहिला, गवंडी पाहिला, लोखंडाचा भाव पाहिला. जे पाडणार आहोत ते कशाचं बनलेलं आहे, हे पाहिलं का?

मी पाहिलं नव्हतं. तिथूनच सुरुवात करतो.

१९९८ साली आम्ही आमच्या ब्रह्माघाटच्या घराची गच्ची दुरुस्त केली. गच्चीवर स्वयंपाकघराची जुनी पडवी होती, तिच्यावर सिमेंटचे नालीदार पत्रे. काशीत राहणाऱ्यांना सांगायला नको, माकडांनी उड्या मारून मारून त्यांना तडे पाडले होते. ते काढायला एक तरुण बिगारी आला. विशीतला असेल. गल्ली अशी अरुंद, की अख्खा पत्रा वळणावरून निघेल असं कुणालाच वाटेना. मीच त्याला म्हणालो, फोडून पोत्यात भर. त्याने घण घेतला आणि दोन दिवस तो पत्रे फोडत होता. गच्चीवर पांढुरका धुरळा. त्याच्या केसांवर, भुवयांवर धुरळा. नाकाला गमछा बांधलेला. संध्याकाळी त्याने खराट्याने सगळं कोरडंच झाडून काढलं. माझी आई तेव्हा सत्तरीची होती. ती जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, आधी पाणी तरी शिंपड. सडा घातल्याशिवाय कुणी झाडतं का?"

आईला ॲस्बेस्टॉस हा शब्द ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता, आणि तरी मी गप्प बसलो होतो. आज जे सांगणार आहे ते सगळं तिच्या त्या एका वाक्याचा विस्तार आहे, असं समजा.

माझे मुद्दे तीन. हा पदार्थ आहे काय? तो आपल्या घरात कुठे आहे आणि त्याचं करायचं काय? आणि तिसरा, मला सगळ्यात जवळचा, त्याची किंमत मोजतो कोण?

पहिला मुद्दा. ॲस्बेस्टॉस हा कारखान्यात तयार केलेला पदार्थ नव्हे. तो खाणीतून निघणारा दगड आहे, पण दगड असून तंतूंचा. कापसासारखा पिंजता येतो, सुतासारखा कातता येतो, कापडासारखा विणताही येतो. आणि जळत नाही. या ग्रीक नावाचा अर्थच 'न विझणारं'. लुडविग हॅट्शेक नावाच्या ऑस्ट्रियन कारखानदाराने हे तंतू सिमेंटच्या लगद्यात कालवून, कागद करतात तसे थरावर थर देऊन, पातळ पण मजबूत पत्रे बनवले आणि १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं. मालाला नाव दिलं 'इटर्निट', म्हणजे चिरंतन. न विझणारं आणि चिरंतन. ही दोन विशेषणं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आपल्याकडे हा उद्योग १९३० च्या दशकात आला. कटनीजवळ कैमोरला कारखाना निघाला, मुंबईला मुलुंडला निघाला. आणि तो पत्रा गरिबाला वरदान वाटला, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. गवताचं छप्पर दर पावसाळ्याआधी शाकारायचं, कौलं दरवर्षी चाळायची, ती सगळी यातायात संपली. गंजत नाही, वाळवी लागत नाही, पेट घेत नाही, आणि स्वस्त. कोकणातल्या गोठ्यापासून मुंबईच्या चाळीपर्यंत, शाळेपासून गिरणीपर्यंत तो पोचला. ज्यांनी तो घातला त्यांनी काही पाप केलं नाही. त्यांनी आपल्या मुलांच्या डोक्यावर छप्पर घातलं.

मग बिघडलं कुठे? या दगडाचा तंतू मोडतो तेव्हा काडीसारखा आडवा मोडत नाही. तो उभा चिरत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, अधिकाधिक बारीक. शेवटी इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास येत नाही, घशाला खवखवत नाही. आपल्या केसाशी तुलना केली तर त्याच्या शेकडो पटींनी बारीक. हवेत तो तासन्‌तास तरंगतो आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथे आपल्या शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळायला धावतात. पण तंतू लांब, पेशी लहान. गिळता येत नाही आणि विरघळवताही येत नाही. पेशी मरते, तंतू तसाच राहतो. दुसरी पेशी येते, तीही मरते. वर्षानुवर्षं ही झटापट चालते आणि त्या जागी वण धरत जातो. जो गुण छपराला हवा होता, चिरंतन टिकण्याचा, तोच फुप्फुसात शाप ठरतो.

त्यातून होतात ते आजार तीन. फुप्फुस वणांनी आखडत जाणारा ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका कैक पटींनी जास्त. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ, जवळजवळ असाध्य कर्करोग. श्वास आज घेतला तर आजार साधारण वीस ते चाळीस वर्षांनी उमटतो. साप चावला तर माणूस त्याच दिवशी ओरडतो, गाव गोळा होतं. हा डंख चाळीस वर्षांनी कळतो. तोवर कोणतं घर, कोणता मालक, कोणता पत्रा, कुणाला आठवतं?

हे ज्ञान नवं आहे का? मुळीच नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केरशॉ ही बाई १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसाची तपासणी डॉक्टर विल्यम कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापली. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे तेहतीस रोगी नोंदवले. त्यातले कित्येक खाणीत कधी उतरलेही नव्हते. लहानपणी ते खाणींच्या परिसरात राहिले होते, इतकंच. जगात पुढे असंही दिसलं की कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायका आजारी पडल्या. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना, पांढऱ्यालासुद्धा, माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. आणि लांब कशाला जायचं? इथून घाटाघाटाने चालत गेलात तर ललिता घाटावर नेपाळच्या राजाने बांधलेलं लाकडी देऊळ लागतं. त्या आपल्या शेजारी नेपाळनेही २०१५ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली.

आणि आपण? आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्येच थांबलं. पण बाहेरून आणणं थांबलं नाही. भारत आज या खनिजाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार आहे. जो दगड आपण आपल्या जमिनीतून काढायला धजत नाही, तो दुसऱ्याच्या जमिनीतून लाखो टन विकत आणतो. हे मला मान्य नाही. ते मी इथे गंगेच्या काठी स्पष्ट सांगतो.

आता दुसरा मुद्दा. घरातलं काय, आणि त्याचं करायचं काय?

सगळ्यात मोठा साठा छपरावर. जुना राखाडी नालीदार सिमेंटचा पत्रा दिसला की त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चला. त्यानंतर जुने सिमेंटचे सांडपाण्याचे पाइप, धुराड्याचे पाइप, जुन्या टाक्या. आणि मग ती गोष्ट जी बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते, पायाखालची फरशी. पीव्हीसीमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून केलेल्या पातळ चौकोनी फरश्या जगभर खपल्या. आपल्याकडेही त्यांच्यासाठी रीतसर भारतीय मानक होतं, आयएस ३४६१. जुनी कचेरी असो, दवाखाना असो की बंगला, पातळ, कडक, संगमरवरासारख्या रेघा असलेली फरशी उचकटली आणि खाली काळा डांबरी गोंद दिसला, तर हात थांबवा.

आपली मुलं-नातवंडं परदेशात आहेत. न्यू जर्सीत एखाद्या मराठी कुटुंबाने जुनं घर घेतलं आणि तळघरात नऊ इंचांच्या चौकोनी फरश्या दिसल्या, की तिथला माहीतगार आधी विचारतो, घर १९८० च्या आधीचं आहे का? मग एक तुकडा प्रयोगशाळेत जातो, आणि त्यानंतरच हातोडा. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात काही घरांच्या माळ्यावर, उष्णता अडवायला म्हणून, सुटा ॲस्बेस्टॉस भरलेला होता. २०१४ मध्ये तिथल्या सरकारने अशी एक हजाराहून अधिक घरं विकत घेऊन पाडायचं ठरवलं. एकेक घर. विचार करा, किती महाग पडली ती स्वस्ताई.

पण घाबरून आज रात्रीच घरी जाऊन पत्रे उतरवायला घेऊ नका. कळकळीने सांगतो, तसं करू नका. घाबरट माणूस या बाबतीत बेफिकीर माणसाइतकंच नुकसान करतो. धड असलेला पत्रा, धड असलेली फरशी, यातले तंतू सिमेंटमध्ये किंवा प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेले असतात. धोका सुरू होतो तो फोडल्यावर, कापल्यावर, घासल्यावर, झाडल्यावर. म्हणून पहिला नियम: धड आहे ते हलवू नका. फरशी शाबूत असेल तर तिच्यावरूनच नवी फरशी घाला. घासून सपाट करायला मशीन लावू नका, काळा गोंद खरवडू नका. पत्रा शाबूत असेल तर त्याला भोकं पाडू नका, तारेच्या ब्रशने शेवाळ घासू नका. आणि त्याच्यावर चढू तर मुळीच नका. जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. त्यातून खाली पडून माणसं मेली आहेत, तिथे कर्करोगाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा नियम: काढावंच लागलं तर आधी पाणी. बारीक फवाऱ्याने, पाण्यात थोडा साबण घालून, पत्रा दोन्ही बाजूंनी चिंब करा. ओला तंतू उडत नाही. काम संपेपर्यंत ओलं ठेवा.

तिसरा नियम: अख्खं काढा. गंजलेले हुकाचे बोल्ट ओले करून कटरने तोडा, पण पत्र्यावर घण नको आणि ग्राइंडर तर नकोच. वरून खाली फेकू नका, दोघांनी धरून उतरवा. आमच्या गल्लीतून अख्खा पत्रा निघणार नाही असं मला वाटलं होतं ना? पुढे शेजाऱ्यांचे निघाले. आडवा धरला तर अडतो, उभा धरून दोघांनी तिरका फिरवला तर वळण पार होतं. पहाटे गल्ली रिकामी असताना काढायचा. अर्ध्या तासाचं काम वाढतं. अर्धा तास, बस.

चौथा नियम: कोरडा झाडू बंद. घरातला साधा व्हॅक्यूमही बंद, तो बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेतच सोडतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकंही तुकड्यांबरोबर बांधून टाकायचं. तोंडाला गमछा किंवा साधा कापडी मास्क पुरत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक धूळ अडवणारा पी-३ दर्जाचा मास्क हवा. कामाचे कपडे तिथेच उतरवायचे, घरी न्यायचे नाहीत. ज्या बाईने ते धुवायचे, तिचंही फुप्फुस फुप्फुसच आहे.

पाचवा नियम: जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि साध्या राडारोड्यात मिसळू नका. आपल्या देशाच्या घातक कचऱ्याच्या नियमांत ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, त्याच्या विल्हेवाटीचं भारतीय मानक १९८६ पासून आहे. नगरपालिकेला लेखी विचारा. दहा घरांनी मिळून विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. नदीकाठी टाकणं, जोत्यात भराव म्हणून घालणं, शेणकुटांच्या ढिगावर झाकण म्हणून ठेवणं, हे नको. भरावात घातलेला पत्रा पुढच्या पिढीने खणल्यावर पुन्हा फुटतो.

कोकणातून आलेली मंडळी इथे असतील. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. मुरूड, मंडणगड, दापोलीही त्याच्या तडाख्यात सापडलं. छपरं उडाली, पत्रे फुटले. घराघराच्या अंगणात तुकड्यांचा खच. आधीच घर गेलेलं, बागा झोपलेल्या, त्यात हे तुकडे कोण मास्क लावून उचलणार? ते हातांनी गोळा झाले, खराट्याने लोटले गेले. मी त्या माणसांना दोष देत नाही. पण मदतीच्या गाड्यांत ताडपत्री आणि तांदूळ होते, तसे चार मास्क आणि एक फवारा जाऊ शकला असता. पुढच्या वादळाआधी हे आपल्या डोक्यात असावं, एवढंच.

आता तिसरा आणि शेवटचा मुद्दा. किंमत मोजतो कोण?

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी दाद मागितली होती. न्यायालयाने म्हटलं की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं जपून ठेवा, असा आदेश दिला. कामगारांचा विमा सक्तीचा केला, आजारी ठरलेल्यांना एक लाख रुपये भरपाई सांगितली. चाळीस वर्षं का? कारण आजार तेवढा काळ दबा धरून बसतो, हे न्यायालयाने जाणलं.

हा निकाल मी अनेकदा वाचला. प्रत्येक वेळी मला माझ्या गच्चीवरचा तो पोरगा आठवतो. कारखान्यातल्या कामगाराची नोंदवही असते, निदान असायला हवी असं न्यायालय म्हणतं. गच्चीवर पत्रा फोडणाऱ्याची नोंदवही कुठे आहे? तो कोणत्या हजेरीपटावर आहे? आज पंचगंगेला, उद्या चौखंब्याला, परवा मिर्झापूरला. त्याच्या छातीत काय गेलं ते कुणीही लिहून ठेवलं नाही. १९९८ मध्ये त्याला ती दोन दिवसांची मजुरी दिली, चहा दिला, आणि आपला हिशोब चुकता झाला असं मी समजलो. तो चुकता झालेला नाही. त्या दोन दिवसांचे परिणाम दिसायची मुदत अजून संपलेली नाही.

म्हणून सांगतो, घर दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस त्या दिवसांपुरता कारखानदार असतो. न्यायालयाने कारखानदाराला जे सांगितलं ते त्यालाही लागू आहे, कायद्याने नसेल तर धर्माने. मुकादमाशी बोलताना दर ठरवतो, तसं हेही ठरवा: पत्रे ओले करून उतरवायचे, मास्क मी देणार, फोडायचे नाहीत, जास्तीच्या वेळेची मजुरी माझी. ही चार वाक्यं बोलायला एक मिनिट लागतं. मजुराला माहिती द्या. काय आहे ते सांगा. त्याला नको असेल तर नाही म्हणायची मुभा द्या. आपण पूजेला बसवलेल्या गुरुजींना दक्षिणा देताना हात आखडत नाही, मग वास्तूचं ओझं उचलणाऱ्याला श्वास देताना का आखडावा?

अहिल्याबाईंनी जे उभारलं ते अडीचशे वर्षं टिकलं. पण टिकणं एवढीच जीर्णोद्धाराची कसोटी आहे का? पत्रासुद्धा टिकतो, तेच तर त्याचं दुखणं आहे. ज्या हातांनी जुनं उतरवलं आणि नवं चढवलं, ते हात धड घरी गेले का, हीही कसोटी असली पाहिजे.

थोडक्यात पुन्हा सांगतो, म्हणजे घरी जाताना लक्षात राहील. जुना सिमेंटचा पत्रा आणि जुनी काळ्या गोंदाची फरशी यांच्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चला. धड असेल तर राहू द्या, झाका. काढायचं तर ओलं करा, अख्खं काढा, कोरडं झाडू नका, गुंडाळा, वेगळं ठेवा. आणि काढणाऱ्याला आधी सांगा, मास्क द्या, वेळ द्या.

माझी आई २००६ साली गेली. त्या दिवशी जिन्यात उभं राहून ती जे म्हणाली, ते तिला तिच्या आईने शिकवलं होतं. सूर्य उगवायच्या आत अंगणात सडा पडला पाहिजे, मगच केरसुणी. ही शिकवण आपल्या घराघरात आहे, इथे काशीत दारापुढे अंगण नसलं तरी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं जातं. आपण ती स्वच्छतेची आणि मांगल्याची रीत म्हणून पाळतो. ती धुळीला जमिनीवर धरून ठेवण्याची, कुणाच्या नाकात जाऊ न देण्याचीही रीत आहे. ती फक्त अंगणापुरती ठेवू नका, गच्चीपर्यंत न्या.

मी घराच्या आणखी एका कोपऱ्याची दुरुस्ती काढली आहे. गच्चीवरच्या मोरीवर दोन जुने पत्रे उरले आहेत. परवा सकाळी दोन माणसं येणार आहेत. ती यायच्या आधी मी पाण्याची बादली आणि फवारा गच्चीवर नेऊन ठेवणार आहे, आणि पहिलं पाणी मी माझ्या हाताने घालणार आहे.